जोडप्यांना एकत्र बसवण्याआधी

प्रश्न असा आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात काही स्वयंसहाय्य गट आणि भजनी मंडळ मिळून नवरा-बायकोतली मारहाण थांबवण्यासाठी कार्यक्रम करू पाहत आहेत. बेत ठरलाय तो एका रविवारी देवळाच्या सभामंडपात वीस जोडप्यांना बोलावण्याचा. आधी वकिलांचे भाषण, मग डॉक्टरांचे, मग ‘एकमेकांना समजून घ्या’ या विषयावर चर्चा आणि शेवटी पुरुषांनी देवापुढे नारळ ठेवून दारू सोडण्याची शपथ घ्यायची. याने फरक पडेल का, आणि जोडप्यांना एकत्र बोलवावे का, असे विचारले आहे.

हेतू अगदी योग्य आहे, क्रम मात्र उलटा झालाय. जोडप्याला एकत्र बसवणे ही या कामातली शेवटची पायरी आहे. पहिल्याच दिवशी ती गाठली, तर ज्या घरात मार सगळ्यात जास्त आहे त्याच घरातली बाई रविवारी रात्री त्याची किंमत मोजते. मंडपात तिने मान डोलावली, वकिलांना एखादा प्रश्न विचारला, शेजारणीकडे पाहून डोळे पुसले, एवढेही पुरते. घरी गेल्यावर ‘लोकांसमोर माझी अब्रू काढलीस’ इथून सुरुवात होते.

एका दिवसाच्या शिबिराने वागणे बदलत नाही, हेही आधीच मान्य करायला हवे. ज्या कार्यक्रमांनी खरोखर हिंसा कमी केली, ते लांब पल्ल्याचे होते. युगांडात कंपालामध्ये ‘सासा’ हा कार्यक्रम वस्त्यावस्त्यांतून जवळजवळ तीन वर्षे चालला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जिथे तो चालला तिथे मागच्या वर्षभरात जोडीदाराकडून शारीरिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा 52 टक्क्यांनी कमी होते. रवांडातल्या ‘इंदाश्यिकिर्वा’त जोडप्यांसाठी एकवीस बैठका होत्या, आणि बैठकांना बसलेल्या जोडप्यांत हिंसा स्पष्टपणे घटली. त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग गावभर जागृती करण्याचा होता. त्याचा परिणाम मात्र गावाच्या पातळीवर दिसला नाही. फलक, पथनाट्य, भाषणे यांवर पैसे घालण्याआधी हे लक्षात ठेवा. आपल्या भाषेतला प्रयत्न म्हणजे पुण्याच्या वस्त्यांत नवविवाहित जोडप्यांसाठी तयार झालेला ‘घ्या भरारी एकत्र’. त्यात मोजक्या जोडप्यांचे छोटे गट आणि दर आठवड्याला एक अशा सहा बैठका होत्या. तो नव्या जोडप्यांसाठी होता, हे महत्त्वाचे. पंधरा वर्षे मार खाल्लेल्या बाईच्या घरी तो तसाच उचलून नेता येत नाही.

‘आमच्याकडे एवढे काही नाही’ हे वाक्य तुम्हाला पंचायतीत ऐकायला मिळेल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 29 टक्क्यांहून थोड्या जास्त जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. गोव्याचा आकडा त्याहून बराच खाली आहे. पण त्याच पाहणीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्के जणींनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितले. वाड्यावर तक्रार नाही म्हणून वाड्यावर मार नाही, असा हिशेब करू नका.

आता क्रम. पहिले दोन महिने बैठक घ्यायचीच नाही, तयारी करायची. तालुक्याचा संरक्षण अधिकारी (घरगुती हिंसेच्या कायद्याखाली बाईला मदत करणारा सरकारी अधिकारी) कोण, तो कुठे बसतो, कोणत्या वेळी भेटतो हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. या अधिकाऱ्याकडे बहुधा दुसऱ्या पदाचेही काम असते, त्यामुळे त्याच्या हाताखालची कोणती व्यक्ती खरोखर फोन उचलते ते नोंदवून ठेवा. घरगुती घटना अहवाल, म्हणजे बाईवर झालेल्या हिंसेची या कायद्याखालची नोंद, कसा भरतात ते शिकून घ्या. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली बाईला त्याच घरात राहण्याचा आदेश, संरक्षण आदेश, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. त्यासाठी घटस्फोट लागत नाही, आणि पोलिसांत गुन्हा नोंदवलाच पाहिजे असेही नाही. मारहाणीसोबत लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ, पैसे अडवून ठेवणे हेही या कायद्यात हिंसेतच मोडते. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद आणि वीस हजारांपर्यंत दंड आहे. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला, पोलीस ठाण्यातल्या महिला उपनिरीक्षकांना आणि जिल्ह्याच्या सखी केंद्राला (हिंसा सोसलेल्या स्त्रियांना एकाच जागी मदत देणारे सरकारी केंद्र) कार्यक्रमाची कल्पना द्या. मदतीची वाट तयार नसताना बाईला बोलते करणे हा तिच्याशी केलेला दगा आहे. हे शब्द जड वाटतील, पण मी ते विचार करूनच लिहिले आहेत.

नाव ठरवतानाही जपा. ‘हिंसाविरोधी वर्ग’ म्हटले की नवरा पाठवणार नाही आणि स्वतः तर मुळीच येणार नाही. ‘कुटुंब आरोग्य वर्ग’ पुरे. यात फसवणूक नाही, कारण पैसा, मुले, झोप, दारू, भांडण हे सगळे त्यात खरेच येते. बायकांना द्यायच्या कार्डावर 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर एकटा छापू नका. 108 रुग्णवाहिका, 112 आपत्कालीन, 1912 वीज, 1906 गॅसगळती, 1098 मुलांसाठी, 14416 मानसिक आरोग्य या यादीत तो चौथा-पाचवा असू द्या. असे कार्ड फ्रिजवर राजरोस चिकटवता येते.

जागा म्हणून सभामंडप मला पटत नाही. पाळी आलेली बाई देवळात येणार नाही आणि नेमकी दुसरीच बैठक चुकेल. वाड्यावरची ख्रिस्ती किंवा मुसलमान घरे आपोआप बाहेर राहतील. आणि देवळाच्या समितीवर कोण बसतो, याचा दाब बोलण्यावर पडतो. शाळेच्या दोन वर्गखोल्या बऱ्या. मात्र त्या शेजारी-शेजारी नकोत, मध्ये एक तरी खोली रिकामी हवी, नाहीतर बायकांच्या वर्गातले हसणे-रडणे पुरुषांच्या वर्गात ऐकू जाते. मुलांना सांभाळायला एक माणूस आणि खाऊ ठेवला नाही, तर तान्ही मुले असलेल्या बायका गळतात, आणि या वर्गाची गरज त्यांना सगळ्यात जास्त असते.

यानंतर निवड. कार्यक्रमाचे सगळ्यात नाजूक काम हेच, आणि याच ठिकाणी बहुतेक जण घाई करतात. प्रत्येक इच्छुक जोडप्यातल्या बाईशी एकटीशी बोलायचे. सासू नको, मोठी मुलगीही नको. अंगणवाडीत वजनाच्या दिवशी किंवा आरोग्य केंद्रात हे सहज जमते. प्रश्न मोघम नसावेत. ‘घरी त्रास आहे का?’ याला उत्तर ‘नाही’ असेच येते. ‘गेल्या वर्षभरात त्यांनी कधी थोबाडीत मारली का? ढकलले का? गळा दाबला का? कोयता किंवा दांडा उगारला का? मारून टाकीन किंवा स्वतःला संपवीन असे म्हटले का? पोटात मूल असताना मारले का? नको म्हणत असताना जबरदस्ती केली का? माहेरी जाण्यावर, फोनवर बंदी आहे का?’ असे कृतीनुसार विचारा. शेवटी आणखी एक प्रश्न: ‘वर्गात दोघे बसलात तर घरी गेल्यावर तुम्हाला भीती वाटेल का?’

गळा दाबणे, हत्यार उगारणे, जिवे मारण्याची धमकी, लैंगिक जबरदस्ती किंवा या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’, यांपैकी एकही उत्तर आले तर त्या जोडप्याला एकत्र वर्गात घ्यायचे नाही. गळा दाबणे विशेष गंभीर धरा. अंगावर वळ दिसत नाही म्हणून लोक ते सोडून देतात, पण पुढे खून होण्याचा धोका त्याने कित्येक पटींनी वाढतो. अशा बाईसाठी वेगळी वाट हवी: एकटीचे समुपदेशन, कागदपत्रे कुठे ठेवायची, रात्री निघावे लागले तर कुणाच्या घरी जायचे याचा बेत, आणि तिची तयारी असेल तर संरक्षण अधिकारी.

आता एक बारीक गोष्ट. या जोडप्याला ‘तुम्ही नको’ असे कसे सांगायचे? नवऱ्याला संशय आला की प्रश्न येतो, ‘तू काय सांगितलेस?’ म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा की जागा दहा जोडप्यांच्याच आहेत आणि नावे जास्त आली तर उरलेल्यांना पुढच्या तुकडीत घेऊ. काहींना ‘पुढच्या तुकडीत’ टाकले, की कुणी कारण विचारत नाही. आधी अर्ज आणि मग निवड, हा क्रम यासाठीच.

बैठकांचा आराखडा मी असा सुचवेन. एका तुकडीत आठ ते दहा जोडपी. पहिल्या सहा बैठका बायकांच्या आणि पुरुषांच्या वेगवेगळ्या, पण एकाच दिवशी, एकाच वेळी. त्यानंतर पुन्हा एकदा प्रत्येक बाईला एकटीला विचारायचे: एकत्र बसायला हरकत नाही ना? मग चार बैठका एकत्र. पुढे सहा महिने महिन्यातून एकदा भेट. प्रत्येक बैठक दोन तासांची, त्याहून लांबवू नका. पुरुषांच्या गटाला दोन पुरुष संचालक (म्हणजे वर्ग चालवणारे), बायकांच्या गटाला दोन बायका, आणि एकत्र बैठकीत एक बाई व एक पुरुष. संचालक गावातले किंवा शेजारच्या गावातले, तीस ते पन्नास वयाचे. पुरुष संचालक निवडताना त्याच्या बायकोशीही एकटीशी बोला. जो घरी हात उचलतो तो वर्गात कितीही गोड बोलला तरी चालणार नाही, कारण गावाला माहीत असते. प्रशिक्षण सलग सहा दिवसांचे, आणि वर्ग चालू असताना दर आठवड्याला दीड तास आढावा. आढाव्यावर पैसे वाचवू नका. तो बंद पडला की चार आठवड्यांत संचालक परत उपदेश करायला लागतात.

पुरुषांच्या बैठकांत रागावर बोलणे भाग आहे, पण सगळे रागावर ढकलू नका. ‘माझा तोल जातो’ असे म्हणणाऱ्याला शांतपणे विचारावे, ‘कुंडईच्या कारखान्यात सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापले, तेव्हा तोल गेला होता का?’ गट थोडा वेळ गप्प होतो. राग तिथेही होता, पण हात उठला नाही. म्हणजे घरी उठतो तो ‘इथे चालते’ हे ठाऊक असल्यामुळे. हे त्यांनी आपल्या तोंडाने म्हणेपर्यंत थांबा. संचालकाने म्हटले तर ते भाषण होते.

‘थोडा वेळ बाजूला होणे’ हे तंत्र शिकवले जाते. ते उपयोगी आहे, पण अर्धवट शिकवले तर उलटते. नियम असे: निघताना कुठे जातो आणि किती वाजता परत येतो ते सांगायचे, तासाभराच्या आत परत यायचे, या वेळेत बारमध्ये जायचे नाही, मोटारसायकल चालवायची नाही, आणि परतल्यावर विषय पुन्हा काढायचा, कधी काढायचा हे ती सांगेल तसे. यातले शेवटचे गाळले, की हेच तंत्र तीन-तीन दिवस अबोला धरायचे साधन बनते. आणि ती बाजूला झाली तर तिच्या मागे जायचे नाही, हे वेगळे सांगावे लागते.

पैशाची बैठक बहुतेक सगळ्यात रंगते. प्रत्येकाला वीस चिंचोके द्या. जमिनीवर खडूने चौकोन आखा: रेशन, मासळी, मुलांची शाळा, गाडीचा हप्ता, औषधे, चवथ (गणेश चतुर्थी) आणि सणवार, दारू-तंबाखू, ‘तिचा स्वतःचा खर्च’. महिन्याचा पैसा जसा जातो तसे चिंचोके ठेवायचे. दोन्ही गटांत हे वेगवेगळे करायचे आणि फक्त गटाची बेरीज लिहून घ्यायची. एकत्र बैठकीत दोन बेरजा शेजारी-शेजारी फळ्यावर लावल्या, की दारूच्या आणि ‘तिच्या स्वतःच्या’ चौकोनातला फरक सगळ्यांना दिसतो, काही न सांगता. एकाही जोडप्याचे चिंचोके एकमेकांसमोर मांडायचे नाहीत. तिने दारूच्या चौकोनात सहा ठेवले आणि त्याने दोन, हे त्याने पाहिले तर उरलेला हिशेब घरी होतो. याच बैठकीत राज्य सरकारच्या गृह आधार योजनेचे पैसे कुणाच्या खात्यात येतात, एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात असते, बचत गटाचे कर्ज तिच्या नावावर आणि पैसा त्याच्या हातात असे किती घरांत आहे, हे विषय निघतात. गोव्यातल्या नागरी कायद्याखाली वेगळा करार केलेला नसेल तर संसाराची मालमत्ता दोघांची सामाईक असते. बऱ्याच बायकांना हे बैठकीतच पहिल्यांदा कळते. मात्र ‘आता हक्क माग’ असे म्हणून तिला घरी पाठवू नका. कधी आणि कसे ते तिला ठरवू द्या.

एकत्र बैठकींत एक नियम कडक पाळा: स्वतःच्या घरचे उदाहरण द्यायचे नाही. फळ्यावर एक काल्पनिक जोडपे ठेवा, त्याला नावे द्या, आणि सगळे बोलणे त्या दोघांविषयी होऊ द्या. ‘आमच्याकडे तर परवाच...’ असे कुणी सुरू केले की संचालकाने लगेच, पण हसतमुखाने, गाडी फळ्याकडे वळवायची.

दारूविषयी. शपथेचा भाग कार्यक्रमातून काढा. रोज सकाळपासून पिणारा माणूस एकदम थांबला तर दोन-चार दिवसांत थरथर, झटके, भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जातो. आधी पिणे किती धोक्याचे आहे ते मोजणारी दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी घ्या. 20 किंवा जास्त गुण आले तर त्याला बांबोळीच्या मनोविकार संस्थेत किंवा जिल्हा इस्पितळात पाठवा. आणि दारू सुटली की मार सुटतो, हा समज गोव्यातच तपासला गेला आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगत’ या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बेसुमार पिणाऱ्या पुरुषांना साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून मोजकी सत्रे दिली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पिण्यावर चांगला परिणाम दिसला, जोडीदारावरच्या हिंसेवर मात्र दिसला नाही. त्याच वेळी तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी चाललेल्या त्यांच्याच दुसऱ्या कार्यक्रमात, उपचार घेतलेल्या स्त्रियांवरची शारीरिक हिंसा कमी झालेली आढळली. यातून घ्यायचे ते एवढे: पिण्याचा उपचार जरूर द्या, पण तोच कार्यक्रम समजू नका, आणि बायकांच्या नैराश्याकडे ‘नंतर बघू’ म्हणू नका.

समेटाचा मोह टाळा. सरपंचांसमोर कागदावर ‘पुन्हा मारणार नाही, तीही उलट बोलणार नाही’ असे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या जातात. त्या कागदाने संरक्षण काहीच मिळत नाही, आणि मार व उलट बोलणे एका तागडीत तोलले जाते. न्यायालयाने पाठवलेल्या समुपदेशनासाठीचे, त्याच 2005 च्या कायद्याखालचे 2006 चे नियमसुद्धा सांगतात की मारणाऱ्याला मारण्याचे समर्थन करू द्यायचे नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच बजावायचे. गावच्या वर्गाने त्याहून ढिले असू नये.

गळती तिसऱ्या-चौथ्या बैठकीला लागते, ती पुरुषांची. कारखान्यातले शिफ्टचे काम हे एक कारण, आणि ‘बायकोच्या ताटाखालचे मांजर झालास’ ही मित्रांची टोमणेबाजी हे दुसरे. पहिल्यावर उपाय म्हणजे एकच बैठक आठवड्यात दोनदा, वेगवेगळ्या वेळी घेणे. दुसऱ्यावर उपाय म्हणजे मित्रांची जोडी एकाच तुकडीत घेणे. न आलेल्याच्या घरी जाऊ नका; दोष बायकोवर येतो. संचालकाने त्यालाच फोन करावा.

शेजाऱ्यांसाठी एक वेगळी बैठक ठेवा. आरडाओरडा ऐकू आला तर दोघांनी मिळून जावे, दार वाजवून काहीतरी मागावे: साखर, पंपाची किल्ली, चार्जर. जाब विचारायचा नाही, फक्त तो क्षण तोडायचा. हत्यार दिसले तर आत न जाता 112.

वेळ निवडताना पर्यटनाचा हंगाम टाळा, हॉटेलवाले आणि टॅक्सीवाले येणार नाहीत. जूनच्या मध्यापासून चवथीपर्यंतचे आठवडे सोयीचे. पण मोजमापाला हाच काळ फसवा. श्रावणात बरेच पुरुष पीत नाहीत, आणि मार्च ते मे उराकचा (काजूच्या ताज्या दारूचा) मोसम. एप्रिलमध्ये पहिली पाहणी आणि ऑगस्टमध्ये दुसरी केली, तर कार्यक्रम न करताही फरक दिसेल. पहिली पाहणी ज्या महिन्यात, दुसरी पुढच्या वर्षी त्याच महिन्यात करा. प्रश्न निवडीच्या वेळी दिलेलेच, कृतीनुसार, घरातल्या एकाच बाईला, एकटीला. तक्रारींचा आकडा यशाची खूण मानू नका. पहिल्या वर्षी तो वाढला तर घाबरू नका, बायका सांगू लागल्या असा त्याचा अर्थ असू शकतो.

सुरुवातीपासून एकत्र कुणाला बसवता येईल, तर ज्यांचा संसार अजून सुरूच झालेला नाही त्यांना. चर्चमध्ये लग्नाआधीचा वर्ग ठरलेलाच असतो. हिंदू घरांत तसे काही नाही. पण गोव्यात लग्नाची नोंदणी दोन सह्यांत होते, आणि पहिल्या व दुसऱ्या सहीमध्ये निदान पंधरा दिवस जातात. या पंधरा दिवसांत दोन संध्याकाळी पुरतात: पैसा कुणाच्या हातात राहील, तिची नोकरी, दोघांचे फोन, सासर-माहेरच्या फेऱ्या, मूल कधी, आणि ‘नको’ म्हटले तर काय. इथेही आधी मुलीशी एकटीशी बोलून घ्या. लग्नाआधीच तो फोन तपासत असेल किंवा एकदा जरी हात उठला असेल, तर दुसरी सही व्हायच्या आत तिला ते बोलायला जागा मिळालेली असते.